पाण्याची वाट आधी, काँक्रीट नंतर

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराला लागून सेंट लुईस पार्क नावाचं उपनगर आहे. तिथे काँक्रीटचा एक गोल मनोरा उभा आहे, उंची सुमारे १२५ फूट. धान्याचे व्यापारी फ्रँक पीव्ही आणि बांधकाम कंत्राटदार चार्ल्स हॅग्लिन यांनी तो धान्याचं कोठार म्हणून १८९९-१९०० मध्ये बांधला. त्या काळी अमेरिकेतली धान्याची कोठारं लाकडाची असत आणि आगीत भस्म होत. काँक्रीटचं कोठार धान्य बाहेर काढताना फुटेल, अशी लोकांची खात्री होती. ‘पीव्हीचा मूर्खपणा’ असं त्याचं नावच पडलं होतं. मनोऱ्यात धान्य भरलं गेलं, काढलं गेलं, आणि काहीही झालं नाही. सव्वाशे वर्षांनंतरही तो उभा आहे, आणि तेही अशा प्रदेशात जिथे १८८८ च्या जानेवारीत पारा उणे ४१ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. इतक्या खाली गेल्यावर फॅरनहाइट काय आणि सेल्सियस काय, आकडा जवळपास एकच येतो.

या मनोऱ्यापासून काही मैल पूर्वेला, मिसिसिपी नदीच्या अलीकडे लाँगफेलो ही वस्ती आहे. १९२० च्या दशकात बांधलेले बैठे बंगले, समोर चार-पाच पायऱ्या, बाजूने गॅरेजकडे जाणारी काँक्रीटची वाट. या पायऱ्यांच्या कडा झडलेल्या दिसतात, वाटेचा वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटलेला असतो, कुठे एक लादी शेजारच्या लादीपेक्षा दोन बोटं वर आलेली असते. घरमालक म्हणतो, थंडीच अशी आहे, काँक्रीट टिकणार कसं? कंत्राटदारही मान डोलावतो, कारण थंडीवर ठपका ठेवला की कामाच्या दर्जाबद्दल कोणी विचारत नाही. पण थंडी त्या मनोऱ्यालाही तेवढीच लागते. फरक पाण्याचा आहे. उभ्या गोल भिंतीवर पाणी ठरत नाही, तिच्यावर कोणी मीठ टाकत नाही. पायरीवर बर्फ साचतो, वितळतो, मुरतो आणि रात्री पुन्हा गोठतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीट डोळ्यांना दगडासारखं दिसलं तरी आतून ते सूक्ष्म छिद्रांनी भरलेलं असतं. ही छिद्रं अर्धवट भरलेली असतील तर फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते. ती काठोकाठ, म्हणजे साधारण ९१ टक्क्यांच्या वर भरली की पुढच्या गोठण्यात काँक्रीट आतून तडकू लागतं. फ्रीझरमध्ये गळ्यापर्यंत भरून ठेवलेली काचेची बाटली फुटते, पाऊण भरलेली वाचते, तसंच हे. म्हणून मिनियापोलिसमध्ये काँक्रीटचं सर्वाधिक नुकसान भर जानेवारीत होत नाही. तेव्हा सगळं आठवडेच्या आठवडे घट्ट गोठलेलं असतं. नुकसान होतं ते नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये, दिवसा वितळून रात्री गोठण्याच्या फेऱ्यांत.

यावरचा उपाय सापडला तो योगायोगाने. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या काँक्रीट रस्त्यांचे काही पट्टे इतरांपेक्षा खूपच चांगले टिकलेले आढळले. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांच्यासाठी वापरलेलं सिमेंट दळताना गिरणीत प्राण्यांची चरबी मिसळली गेली होती. चरबीमुळे काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म बुडबुड्यांचा फेस तयार झाला होता आणि गोठणाऱ्या पाण्याला त्या बुडबुड्यांत आसरा मिळत होता. पोर्टलँड सिमेंट असोसिएशनमधले संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४० च्या दशकात यामागचं शास्त्र मांडलं. काँक्रीटमधल्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे, हा आजही वापरला जाणारा निकष त्यांच्याच कामातून आला. थंड प्रदेशात उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये आज सुमारे ६ टक्के हवा मुद्दाम धरली जाते. म्हणजे एका घनमीटरमध्ये ६० लिटर.

जुन्या घराच्या मालकासाठी याचा अर्थ सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ओतलेल्या त्याच्या पायऱ्यांत, वाटेत, तळघराच्या भिंतीत ही हवा नाही. ते काँक्रीट कोरडं राहिलं तरच टिकेल. आणि त्यावर अर्ध्या इंचाचा नवा थर चढवून देणारा कारागीर काही महिन्यांचं समाधान विकतो आहे. खालचा ओला, बिनहवेचा थर तसाच गोठत राहतो आणि वरचा लेप हिवाळ्याभरात सुटून हातात येतो. असं काम न केलेलंच बरं.

बरं, सगळं तोडून नवं ओतलं तर? तिथेही हवा राहीलच असं नाही. रेडी मिक्सचा ट्रक दारात येतो तेव्हा माल अचूक असतो. मग पसरायला सोपं जावं म्हणून कोणीतरी पाइप लावून तो पातळ करतो. उघड्यावरच्या अशा कामात पाणी सिमेंटच्या वजनाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडच्या पन्नास किलोच्या गोणीच्या हिशेबात बोलायचं तर साडेबावीस लिटर. त्यापुढचं पाणी वाळताना छिद्रांचं जाळं मागे ठेवून जातं. ताकदही ४,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) मागितली जाते, म्हणजे ढोबळमानाने आपल्या एम-३५ च्या पंगतीतली. महाराष्ट्रात घराचा स्लॅब बहुधा एम-२० किंवा एम-२५ मध्ये पडतो. तिथली अंगणातली वाट आपल्या स्लॅबपेक्षा चांगल्या काँक्रीटची लागते, ही गोष्ट इथून गेलेल्या माणसाला पटायला वेळ लागतो.

दुसरी चूक घोटाईची. मराठी घरांत घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची जमीन कौतुकाची असते आणि घराच्या आत ती योग्यच आहे. थंड प्रदेशातल्या अंगणात मात्र पोलादी थापीने पृष्ठभाग घोटला की वरच्या थरातली हवा निघून जाते. काँक्रीटमधून वर आलेलं पाणी पुरतं उडून जाण्याआधीच घोटाई झाली तर ते वरच्या कातडीत कोंडतं. पुढच्या वसंतात पापुद्रे निघतात. म्हणून जाणता कारागीर रंधा मारतो, थांबतो आणि शेवटी खराटा ओढून खरखरीत रेषा काढतो. पाय घसरत नाही हा त्याचा दुसरा फायदा.

मिनेसोटात आणखी एक गोष्ट दिसते. नव्या वाटेवर रुपयाएवढे उथळ खड्डे पडतात. तिथल्या खडीत शेल नावाच्या ठिसूळ दगडाचे तुकडे असतात, ते पाणी पिऊन फुगतात आणि वरची टिकली उडवतात. दिसायला वाईट, पण काँक्रीट आतून शाबूत असतं. एवढ्यासाठी सगळी वाट उखडायला सांगणाऱ्या कंत्राटदाराला सरळ नकार द्यावा.

आता जमिनीकडे वळायला हवं, कारण जुन्या घराची निम्मी दुखणी तिथली आहेत. पायऱ्या वर उचलल्या जातात, ओटा घरापासून फाकतो, गॅरेजची फरशी कुबड काढते. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं म्हणून हे होतं, असं फार काळ मानलं जात होतं. भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास हा समज मोडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं, फुगत नाही. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे खरं कारण वेगळं होतं. गोठण्याच्या पातळीवर बर्फाची चकती तयार होते आणि ती खालच्या ओल्या मातीतून द्रव सतत वर ओढून घेत जाड होत जाते. फुगवट्याचे ९ टक्के यापुढे काहीच नाहीत. पाणी मिळत राहिलं तर चकती वाढतच राहते.

यातून तीन गरजा स्पष्ट होतात. बारीक गाळाची माती, गोठवणारी थंडी आणि पाण्याचा पुरवठा. तिन्ही असल्या तरच जमीन उचलली जाते. थंडी घालवता येत नाही, माती बदलणं खर्चाचं आहे, पाणी मात्र तोडता येतं. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांनुसार मिनियापोलिस परिसरात पाया ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट खोल न्यावा लागतो. राज्याच्या उत्तर भागात ६० इंच. घराचा पाया बहुधा तेवढा खोल असतोच. पण समोरच्या पायऱ्या आणि ओटा कितीतरी घरांत नंतर, नुसत्या जमिनीवर ओतलेले असतात. घर जागेवर राहतं, पायऱ्या दर हिवाळ्यात हलतात आणि मधल्या फटीतून पाणी थेट पायाशी उतरतं.

त्यात भर घराभोवतीच्या भरावाची. पायासाठी खणलेला खड्डा परत भरला, तो भराव वर्षानुवर्षं खचत गेला आणि त्यावरची वाट घराच्या दिशेला कलली. आता छतावरून पन्हाळीतून येणारं सगळं पाणी त्या वाटेवर पडतं आणि भिंतीकडे वाहतं. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या आदर्श नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे, की घराभोवतीची जमीन पहिल्या १० फुटांत ६ इंच उतरलेली असावी आणि काँक्रीटसारख्या कडक पृष्ठभागाला घरापासून दूर किमान २ टक्के उतार असावा. १० फुटांत जेमतेम अडीच इंच. ज्याने गळक्या गच्चीपायी दर मे महिन्यात गवंडी शोधला आहे, त्या पुण्या-ठाण्याच्या माणसाला उताराचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. तरीही परदेशात घर घेताना हीच माणसं स्वयंपाकघरातला ओटा तपासतात, पन्हाळीचं पाणी कुठे पडतं ते पाहत नाहीत.

इथेच या क्षेत्रातली सर्वांत मोठी उधळपट्टी होते. खचलेली लादी फोडली जाते, त्याच मातीवर, त्याच उताराने, त्याच पन्हाळीखाली नवी ओतली जाते. बिल भरलं जातं. पाचेक हिवाळ्यांत तेच दुखणं परत. आधी पन्हाळीला लांब नळी जोडून पाणी घरापासून दूर न्यावं, मग भराव चढवून उतार दुरुस्त करावा, खाली पाणी निचरणाऱ्या खडीचा थर द्यावा आणि त्यानंतर काँक्रीटचा विचार करावा. पुष्कळदा पहिल्या दोन कामांनंतर तळघराची ओल इतकी कमी होते, की भिंतीच्या आतून जलरोधक लावण्याची गरजच उरत नाही. ही दोन कामं घरमालक एका शनिवार-रविवारात फावड्याने करू शकतो. कदाचित म्हणूनच ती कोणाच्या कोटेशनमध्ये नसतात.

पायाच्या भिंतींची गोष्ट अधिक नाजूक आहे. मिनियापोलिस-सेंट पॉल भागातल्या अनेक जुन्या घरांचे पाये प्लॅटव्हिल चुनखडीच्या दगडाचे आहेत. हा दगड मिसिसिपीच्या काठच्या खाणींतून निघत असे. त्याच्या दरजा चुन्याने भरलेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची जागा काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांनी घेतली. हार्मन पामर यांनी १९०० मध्ये ठोकळे पाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून अशी यंत्रं घरोघरी विकली गेली. कितीतरी लोकांनी आपल्या घराचे ठोकळे स्वतःच्या अंगणात पाडले. वाळू कुठली, सिमेंट किती, पाणी किती, सगळं ज्याचं त्याच्या हातात. त्यामुळे दोन शेजारी घरांचे ठोकळेही एकसारखे नसतात. एका घरावर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालेलच, असं समजणं धोक्याचं आहे.

चुन्याच्या भिंतीला आजचं कडक सिमेंट लावणं ही तर उघड हानी आहे. चुन्याची दरज मऊ असते, ती ओल बाहेर सोडते आणि भिंतीची हालचाल सोसते. तिच्या जागी सिमेंट भरलं, की ओल दगडातून बाहेर पडू लागते, दगडातच गोठते आणि दगडाचा चेहरा फुटतो. दरज वाचते, दगड जातो. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांपैकी दुसरी पुस्तिका याच विषयावर आहे. तिचं सांगणं असं, की दरजेचा माल दगड-विटेपेक्षा मऊच असला पाहिजे. महाराष्ट्रात हे नव्याने शिकण्याची गरज नसावी. आपल्या गडांवर चुना मळायचे दगडी घाणे आजही दिसतात. आणि तरीही कितीतरी जुन्या वाड्यांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवून आपण त्यांना आतून ओलं ठेवलं आहे. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून तो अपराध हळू दिसतो. मिनियापोलिसमध्ये तो काही हिवाळ्यांत दिसतो.

राहिलं मीठ. मिनियापोलिस महापालिकेचा नियम आहे, की बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने घरासमोरचा फुटपाथ मोकळा केला पाहिजे. फुटपाथ नादुरुस्त झाला तर त्याचा खर्चही लगतच्या मालकाच्याच माथी येतो. या धाकाने लोक बर्फ उपसण्याऐवजी मीठ ओततात. साधं मीठ सुमारे उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही. मिनियापोलिसचं जानेवारीतलं सरासरी तापमान साधारण तेवढंच आहे! म्हणजे ऐन थंडीत टाकलेलं बरंचसं मीठ बर्फ न वितळवताच पडून राहतं आणि पुढे वितळत्या पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरतं. जॉर्ज व्हर्बेक आणि पॉल क्लिगर यांनी १९५७ साली दाखवून दिलं, की पृष्ठभागाचे पापुद्रे सर्वाधिक निघतात ते तीव्र खाऱ्या पाण्याने नव्हे, तर २-४ टक्क्यांच्या सौम्य द्रावणाने. वितळलेल्या बर्फात असतं तसल्या. थोडंसंच तर टाकलं, ही समजूत म्हणून खोटी ठरते. खताच्या गोणीतलं अमोनियम सल्फेट किंवा नायट्रेट बर्फावर टाकणारे तर थेट काँक्रीटच्या सिमेंटवरच हल्ला करतात.

काँक्रीटपुरतंच हे नाही. एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर पाणी प्रदूषित करायला पुरेसं असतं, असं मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं लोकांना सांगत असतं. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या प्रदेशात तळ्यांत गेलेलं मीठ परत काढता येत नाही. पहाटे उठून फावड्याने बर्फ काढणं आणि निसरड्या जागी वाळू टाकणं कष्टाचं आहे. पण तेच बरोबर आहे, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी फावडं उचलावं.

पालिकेकडूनही एक अपेक्षा आहे. सार्वजनिक फुटपाथाचं काँक्रीट ठरलेल्या मापदंडाने होतं. कुंपणाच्या आतल्या वाटेत हवा किती, पाणी किती, हे तपासायला सहसा कोणीही येत नाही. ताज्या काँक्रीटमधली हवा मोजायचं उपकरण हातात उचलून नेता येतं आणि चाचणीला काही मिनिटं लागतात. रेडी मिक्सच्या ट्रकबरोबर येणाऱ्या चलनावर मिश्रणाची माहिती असते. ते चलन घरमालकाला देणं आणि जागेवर मिसळलेलं पाणी त्यावर नोंदवणं कंत्राटदाराला बंधनकारक व्हायला हवं. खर्च नगण्य, आणि प्रामाणिक कारागिराचा यात फायदाच आहे. आज स्वस्त कोटेशन देणारा त्याला हरवतो, कारण दोघांचं काम पहिल्या दिवशी सारखंच दिसतं.

तोपर्यंत मालकालाच सावध राहावं लागेल. मिनियापोलिस असो, शिकागो असो की टोरांटो, जुन्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांनी काही गोष्टी धरून ठेवाव्यात. हवा ६ टक्के, ताकद ४,५०० पीएसआय, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ हे करारात लिहून घ्या. तापमान ४ अंशांच्या आसपास उतरू लागलं की ताज्या काँक्रीटला उबदार पांघरुणांची गरज लागते, म्हणून सप्टेंबरनंतरची घाई टाळा. नव्या काँक्रीटला पहिल्या गोठण्याआधी महिनाभर सुकायला मिळालं पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात त्यावर मिठाचा कणही टाकू नका. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि कोणत्याही कोटेशनवर सही करण्याआधी एका जोरदार पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा, पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते स्वतः पाहा, मगच कंत्राटदाराला फोन करा.